नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून भावाच्या मुलाचं नाव मी ठेवलं. रेन. जपानी नाव आहे, अर्थ कमळ. अक्षर चीनमधून आलेलं, उच्चारही मूळचा तिकडचाच. जपानमध्ये हल्ली मुलांच्या फार आवडत्या नावांपैकी हे एक. मी जालन्याला शाळेत शिकवते. हजेरी घेताना दर वर्षी तीच तीच नावं. म्हटलं, आपल्या घरात बुद्धाचं फूल येऊ दे, आणि तेही कुणी न उष्टावलेलं.

पण आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या शेजारचं. इथे 'रेन' म्हटलं की लोकांना आपोआप रेणुकादेवीच ऐकू येते. दुसऱ्याच दिवशी वरच्या आळीतली काकू दारात हजर.

"बरं झालं बाई, देवीचं नाव ठेवलं. उशिरा का व्हईना, सुबुद्धी आली."

उशिरा! माझं डोकंच फिरलं. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला आणि देव्हारा रिकामा केला, तो काय हिच्या सुबुद्धीची वाट बघत?

"काकू, कमळाचं नाव हाय ते. जपानी."

"मंग तेच की. देवीला कमळच लागतं."

कप्पाळ! आजोबांचं शाळेतलं नाव गुरुजींनी आपल्याच मनानं कचऱ्यावरून ठेवलं होतं. आमची नावं ठरवायची या लोकांची खोड काही जात नाही; आता गोड बोलून ठरवतात, एवढाच फरक. मी नाव ठेवलं आणि गावानं नावं ठेवली.

जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना अजून कोरा होता. तो भरायचा अर्ज भावानं द्यायचा ठरलं. तीन महिन्यांनी दाखला आणायला आम्ही दोघं ग्रामपंचायतीत गेलो. दाखल्यावर लिहिलं होतं, रेणुकादास.

मी ग्रामसेवकावर तुटून पडले. कुणाला विचारून लिहिलं, कुणी दिला अधिकार, वर तक्रार करते, सगळं. त्या माणसानं अर्ज माझ्यापुढे सरकवला. अक्षर भावाचं होतं. सहीसुद्धा.

"ताई, पाण्याच्या टाकीवर, गिरणीत, लोक रोज इचारतेत, देवीचंच नाव ना. रोज किती भांडू?"

"म्हणून तू देवीचा दास केलास त्याला? गाव सोड, पण नाव सोडू नको!"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तू सोडलंस ना गाव. मंग तुला काय, तू जपानचं बी नाव ठेवशील. हितं राहून रोज हाक मला मारायचीय."

ग्रामसेवक खाली मान घालून कागद चाळत बसला. भावानं दाखल्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि मला विचारलं, "तुझी गाडी किती वाजता हाय?"