छत्रीचं भोक

विज्ञानाच्या बाई बावीस वर्षं चेंडू आणि बॅटरी घेऊन ग्रहण शिकवत होत्या. मुलं त्यांना मागून ग्रहणबाई म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. आवडतही होतं.

अवकाश-शिबिराचं पत्र आलं तेव्हा त्यांनी आधी बॅग काढली, मग पत्र पुरतं वाचलं. शाळेतून दोघी जाणार होत्या. दुसरं नाव शिवणाच्या बाईंचं. वर मुख्याध्यापक म्हणाले, "शिबिरवाले दोघींपैकी जिचं नाव कळवतील, नवी अवकाशखोली तिच्याकडे."

त्या खोलीसाठी ग्रहणबाईंनी सहा वर्षं अर्ज केले होते.

पहिल्या दिवशी अंतराळवीरांचे असतात तसे जाड हातमोजे घालून नट बसवायचे होते. ग्रहणबाईंचा नट तीनदा टेबलाखाली गेला. शिवणाच्या बाईंनी चार बसवले आणि विचारलं, "आणखी आहेत का?"

"बाई, हात आहेत की जादू!" प्रशिक्षक म्हणाला.

ग्रहणबाईंनी वाकून टेबलाखालचा नट उचलला. गुरुत्वाकर्षण कशाशी खातात हे ठाऊक नाही, आणि म्हणे जादू!

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "कसं चाललंय?"

"छान."

"तुझं फुगलेलं तोंड इथवर ऐकू येतंय."

तिसऱ्या दिवशी रॉकेट. बाटलीत पाणी, पंपाने भरलेली हवा, टोकात कच्चं अंडं, वर कापडी छत्री. अंडं शाबूत उतरवायचं. छत्रीचं कापड सगळ्यांना कापूनच मिळालं, मधोमध बटणाएवढं भोक ठेवलेलं. शिवणाच्या बाईंनी ते रफू करून टाकलं. फाटकं कापड त्यांच्या हातून तसंच पुढे जाणं शक्य नव्हतं.

"बाई, बघा हो. ठीक आहे ना?"

ग्रहणबाईंनी पाहिलं. भोकातून हवा निसटते, म्हणून छत्री डोलत नाही. नववीला हे त्या दर वर्षी लिहून द्यायच्या.

"टाके सुरेख आहेत," त्या म्हणाल्या. आणि छत्री परत दिली.

मैदानात त्यांचं अंडं सुखरूप उतरलं. शिवणाच्या बाईंची छत्री उघडली, डोलली, कलंडली. बलक गवतावर पसरला. ग्रहणबाईंच्या मनात उकळ्या फुटल्या.

शिवणाच्या बाईंनी तिथेच बसकण मारली. छत्री फुंकून पाहिली, उलटीपालटी केली. मग दातांनी दोरा तोडून रफू उसवलं. "अहो, भोक हवंच होतं की!"

प्रशिक्षक धावला. सगळे त्यांच्याभोवती जमले. दुसरं अंडं वर गेलं, अलगद खाली आलं. टाळ्या पडल्या. ग्रहणबाई आपलं शाबूत अंडं धरून एकट्याच उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

नाव शिवणाच्या बाईंचं कळवलं गेलं.

परतताना बसमध्ये ग्रहणबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "भोकाचं मला माहीत होतं."

"तेव्हाच?"

"हो."

"खोलीसाठी?"

"हो."

शिवणाच्या बाईंनी हातातलं तिकीट दुमडलं. मग म्हणाल्या, "तरीच. तुम्ही आणि माझी स्तुती!" थोड्या वेळाने म्हणाल्या, "सोमवारी खोली लावायची आहे. मला एकटीला त्यातलं काय कळतंय? याल?"

"बघते," ग्रहणबाई म्हणाल्या.

सोमवारी शाळेचा शिपाईसुद्धा आला नव्हता, तेव्हा त्या अवकाशखोलीच्या बंद दारासमोर उभ्या होत्या. किल्ली यायला अजून अर्धा तास होता.