खालच्या ओळी

काल टीव्हीवर तो जुना फ्रेंच नट दिसला. तो वारल्याची बातमी होती आणि मागे त्याच्या सिनेमांचे तुकडे दाखवत होते. तरुणपणी तो पळून आलेला सैनिक व्हायचा, पुढे पोलीस अधिकारी, शेवटी कुणाचा तरी थकलेला बाप. फिल्म सोसायटीत आम्ही नवरा-बायकोनं त्याचं सगळं वय पाहिलं. "अगं, खालच्या ओळी सोडू नकोस, गोष्ट हातची जाईल," हे कुजबुजायचे. मग मी पडद्याखालच्या इंग्रजी ओळी इमानानं वाचत बसायचे आणि चेहरा वरच राहून जायचा.

कालच्या तुकड्यांना ओळी नव्हत्या. म्हातारा नट खिडकीशी उभा राहून काहीतरी म्हणाला, आणि बोलण्याआधी त्याची हनुवटी थरथरते हे मला पहिल्यांदाच दिसलं.

शेजारच्या खुर्चीत हे बसले होते. मागेच अर्धांगाच्या झटक्यात यांची वाचा गेलेली. टीव्ही बघता बघता ते माझ्याकडे वळले. हनुवटी थरथरली, ओठ हलले. काहीतरी सांगायचं होतं.

मी सवयीनं खाली पाहिलं. तिथे त्यांच्या गुडघ्यांवरची शाल होती.