मी खोडलेल्या सात ओळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विरारला स्टेशनबाहेर ज्यांच्यासोबत तीसेक वर्षं चहा प्यालो त्या मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

बाकी माझ्या फजित्या मी फुकट वाटत आलोय. चिंचोटीच्या धबधब्यावर ऐटीत फोटो काढून घेताना चष्मा, एक चप्पल आणि सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ एकाच घसरगुंडीत पाण्याला वाहिलं, ते तुम्ही ऐकलं असेल. एका मेळाव्यात नाव न सांगता वाचलेल्या कथेला मी तावातावाने नावं ठेवली आणि ती माझीच निघाली, हेही ऐकलं असेल. लोक हसतात. स्वतःवर हसणाऱ्या माणसाला लोक प्रामाणिक समजतात — ही माझी जुनी सोय. एक फजिती पुढे केली की मागे उभं असलेलं दुसरं काही दिसत नाही.

दुसरं काही — तेच सांगायचंय. सांगतो. जरा वळसा घेऊन सांगतो. सरळ जायची सवय नाही.

मी पोटासाठी विम्याच्या कचेरीत कारकुनी केली आणि मिरवण्यासाठी कथा लिहिल्या. त्यातही उपरोधिक. आमच्या वसई-विरार पट्ट्यात ‘कथेतील उपरोध’ या विषयावर कुणाला व्याख्यान हवं असलं की मला फोन येतो, कारण दुसरं कुणी रिकामं नसतं. व्याख्यानात मी सांगतो, की उपरोधिक कथेत बोलणारा माणूस अगदी मनापासून बोलत असतो. तो कौतुक करतो, आणि त्या कौतुकातच सगळं उघडं पडतं. त्याला बिचाऱ्याला ते कळत नाही. लेखकाला कळतं, वाचकाला कळतं, आणि दोघं त्याच्या डोक्यावरून एकमेकांना डोळा मारतात. इथे मी डोळा मारून दाखवतो. हशा.

एक गोष्ट मात्र कधी सांगत नाही. डोळा सगळ्यांना दिसेल असा मारायचा, की काहींनाच दिसेल असा — हे लेखक ठरवतो. बसून, शांतपणे, पेन हातात घेऊन ठरवतो.

माझी धाकटी बहीण सुनंदा. आगाशीजवळ आमची छोटी वाडी आहे: केळी, थोडी पानवेल, विहीर. आई लवकर गेली. मी नोकरीला लागलो, लग्न केलं, विरारला फ्लॅट घेतला. सुनंदा अण्णांजवळ, म्हणजे वडिलांजवळ राहिली. मग अण्णांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, आणि ती जास्तच राहिली. त्यांचं अंग पुसणं, भरवणं, दाढी. दाढी तर ते तिच्याशिवाय कुणाला करू देत नसत. उरलेल्या वेळात ती सुकेळी करायची — राजेळी केळी सोलून चार-पाच दिवस उन्हात वाळवायची, दव पडायच्या आत उचलायची, पुन्हा सकाळी मांडायची. एका दिवसाची कुचराई झाली की माल काळा पडतो. तिचा कधी पडला नाही.

दर रविवारी मी तिथे जेवायला जायचो. जेवायचो, ‘तू आहेस म्हणून चाललंय गं’ म्हणायचो, आणि पिशवीभर केळी घेऊन परत यायचो. आहे की नाही उत्तम भाऊ?

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. ती सदतीस वर्षांची होती. भुईगावचे श्रीकांत म्हणून एक गृहस्थ आमच्याकडे केळीचे मुनवे, म्हणजे लावणीचे कोंब, न्यायला यायचे. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, स्वतःची बाग. एका मोसमात ते पाच वेळा आले. भुईगावात मुनव्यांचा दुष्काळ पडला होता असं काही नाही. पाचव्या खेपेला त्यांनी तिला सरळ विचारलं.

ती माझ्याकडे आली. आगाशीहून बस पकडून एकटी, दुपारची, हातात सुकेळीचा पुडा. सोफ्याच्या कडेवर बसली — आमच्या घरात ती कायम कडेवरच बसायची.

‘दादा, श्रीकांत विचारतायत,’ ती म्हणाली. ‘अण्णांना तू तुझ्याकडे आणशील तरच मी हो म्हणेन. नाहीतर नाही. तू सांगशील तसं.’

(आम्ही घरी आमची वाडवळी बोली बोलतो. तिचं बोलणं मी इथे पुस्तकी करून लिहितोय. इतकं घेतलं तिच्याकडून, त्यात हेही.)

मी काय म्हणालो? ‘विचार करून सांगतो’ म्हणालो. आत बायको चहा करत होती. तिने विरोध केला असं लिहिलं तर तुम्ही लगेच मानाल, नाही? तिने केला नव्हता. ती चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, ‘आणूया की. त्यात विचार काय करायचाय?’ सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी सुकेळीचा पुडा सोडत होतो.

त्यानंतर दोन महिने मी विचार केला. म्हणजे दिवाळी अंकासाठी कथा लिहिली.

कथा अशी: गावातला एक प्रतिष्ठित म्हातारा, अंथरुणावरच्या बापासाठी लग्न न करणाऱ्या एका मुलीचं गुणगान करतोय. काय तिचा त्याग, काय ते तिचे खरबरीत पवित्र हात! भाऊसुद्धा किती प्रेमळ, दर रविवारी न चुकता जेवायला येतो! अख्खा गाव तिला देवीसारखी मानतो — आणि देवीला जसं कुणी कधी ‘तुला काय हवं?’ म्हणून विचारत नाही, तसं तिलाही विचारत नाही. सुज्ञ वाचकाला हे वाचून गावाची लाज वाटावी, भावाची शिसारी यावी. तशी ती आली. पत्रं आली. ‘स्वतःलाही न सोडणारा लेखक’ असं कुणीतरी लिहिलं. मी ते वाक्य पाठ केलं.

अंक सुनंदाकडे गेला. मीच नेऊन दिला.

पुढच्या रविवारी ती दारातच उभी होती. चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं श्रीकांतना हो म्हणून आली. ‘दादा,’ म्हणाली, ‘माझ्यावर लिहिलंस! आणि स्वतःलाही घातलंस की रे, जेवायला येणारा!’ हसली. मग म्हणाली, ‘कळलं तुझं उत्तर. मी नाही म्हणून कळवलं त्यांना.’

एक वाक्य पुरलं असतं. ‘अगं, ते उलटं आहे, तू जा’ — एवढंच. अण्णा आतून बघत होते. भाताचा वास येत होता. मी म्हणालो, ‘बरं केलंस.’ आणि पाटावर बसलो.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. गप्प बसलो, हाच. मलाही कित्येक वर्षं असंच वाटायला आवडायचं. गप्प बसणं तसं परवडतं. जगात अर्धे लोक गप्पच बसलेले असतात.

अण्णा त्यानंतर आठ वर्षं जगले. श्रीकांतनी दोन वर्षांनी पालघरकडच्या एका बाईंशी लग्न केलं. बरं चाललंय असं ऐकतो. सुनंदा वाडीवरच आहे. आणि माझी कथा? तिचं फार छान झालं. दोन संग्रहांत आली. व्याख्यानात उदाहरण म्हणून मी तीच घेतो.

गेल्या हिवाळ्यात वसईच्या एका वाचनालयात असंच व्याख्यान होतं. त्याचं निमंत्रण कुणीतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. मी उत्साहात होतो, ‘खरबरीत पवित्र हात’ हे शब्द आवाज काढून वाचत होतो, श्रोते खदखदत होते — आणि तिसऱ्या रांगेत मला सुनंदा दिसली. ठेवणीतली साडी, मांडीवर पिशवी. पिशवीत आयोजकांसाठी सुकेळी असणार.

थांबता आलं असतं. दुसरं उदाहरण घेता आलं असतं. पण हशा चालू होता. हशा चालू असताना थांबणारा वक्ता मी अजून पाहिलेला नाही. मी पुढचा परिच्छेदही वाचला, आणि गाव त्या मुलीला कसा मूर्ख बनवतो ते सविस्तर समजावलं. लोक हसले. सगळे हसतायत म्हणून जरा उशिरा तीही हसली.

शेवटी कॉलेजातल्या एका मुलीने हात वर केला. ‘सर, त्या बहिणीने ही कथा वाचली असती तर?’ मी म्हणालो, ‘कथेतली माणसं कथा वाचत नाहीत, हे लेखकांचं भाग्य!’ टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेकडे मी पाहिलं नाही.

परतताना आगाशीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी. निर्मळचा थांबा गेला तशी ती माझ्याकडे वळली.

‘दादा, ते सगळं उलटं होतं?’

‘हो.’

‘म्हणजे तू मला जा म्हणत होतास?’

इथे मला खरं बोलायची दुसरी संधी मिळाली होती. माणसाला सहसा एक मिळते. मला बसच्या तिकिटासोबत दुसरी मिळाली.

‘हो,’ मी म्हणालो.

ती स्वतःच्या कपाळावर हलकेच हात मारून म्हणाली, ‘मलाच कळलं नाही बघ! दहावीपुरतं शिकलेली मी. तू इतकं सांगितलंस आणि मी...’ आणि हसायला लागली. ‘श्रीकांतना पण तोच अंक दिला होता मी. तोंडाने नाही म्हणायला नको म्हणून. त्यांनी वाचला, ब्राऊन पेपरचं कव्हर घालून परत दिला. त्यांनाही नाही कळलं! दोघंही ढ.’

मी तिला ढ राहू दिलं.

आता वळसे संपले.

त्या कथेला शेवटी सात ओळी होत्या. गुणगान संपतं, म्हातारा उठून जातो, आणि ती मुलगी एकटीच अंगणात येते. वाळत घातलेल्या केळ्यांकडे बघत स्वतःशी म्हणते: मला जायचं होतं. मी इथे राहिले ते आवडीने नाही. कुणीतरी नुसतं ‘जा’ म्हणायला हवं होतं. असंच, सरळ. चौथीतल्या पोरालाही कळलं असतं. दहावी झालेल्या सुनंदाला कळलं असतं. भुईगावच्या श्रीकांतना कळलं असतं.

छापण्याआधी तपासायला मुद्रितं आली तेव्हा त्या ओळी मी खोडल्या. संपादकांचा फोन आला: ‘अहो, त्या ओळी असू द्या. त्यांच्यामुळेच तर कथा मनाला लागते.’ मी ऐटीत उत्तर दिलं, ‘उपरोध समजावून सांगायचा नसतो.’ ते भारावले. ते वाक्य मी आजही व्याख्यानात वापरतो, लोक वहीत उतरवून घेतात.

खरं काय होतं? त्याच्या आदल्या रविवारी सुनंदा बाजारात गेली होती आणि अर्धा तास अण्णा माझ्या ताब्यात होते. त्यांची चादर ओली झाली. मला बदलता आली नाही. म्हणजे बदलली नाही. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो आणि ते दाराकडे बघत पडून राहिले, तिची वाट पाहत. घरी आलो आणि आमची आतली खोली टेपने मोजली. अण्णांची खाट बसत होती. व्यवस्थित बसत होती. फक्त माझं लिहायचं टेबल गेलं असतं.

त्याच टेबलावर मुद्रितं ठेवली होती. त्या सात ओळींशी मी थांबलो. कलेचा विचार माझ्या मनात आला नाही, तो फोनवर आला. मनात आलं ते एवढंच, की हे वाचलं तर ती जाईल. आणि मी पेन उचललं.

ती फसली नाही. तिला मी फसवलं. बाकी सगळ्यांना डोळा दिसेल आणि तिला एकटीला दिसणार नाही, इतकं मोजून.

परवाच्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. केळफुलाची भाजी होती. मी म्हणालो, ‘सुनंदा, भाजी छान झालीय.’ ती पळी हातात धरून थांबली.

‘सरळ म्हणतोयस ना?’

‘सरळ.’

मी पुढचा घास घेतो की नाही ते पाहून मगच ती आत गेली.

हे छापून येईल आणि ती वाचेल. माझं छापलेलं सगळं वाचते ती. हल्ली दोनदा वाचते, एकदा सरळ आणि एकदा उलटं. इथे उलटं वाचून काही सापडणार नाही. ती कथा तिला कळू नये असं मला वाटत होतं, आणि तिला कळली नाही.