मापाच्या वहीतला भाऊ

वीस वर्षं ज्या गल्लीनं त्याला येडबंबू म्हणून हाक मारली, तीच अख्खी गल्ली कोर्टात त्याला शहाणा ठरवायला रांगेत उभी राहिली. किराणेवाला म्हणाला, साखर आणायला धाडला तर साखरच नेतो, मीठ नाही नेत. घरमालकीण म्हणाली, जिन्यात बाईमाणसाला वाट सोडतो. एवढ्यावर माणूस शहाणा ठरत असेल तर निम्मी गल्ली नापास व्हायची.

मागच्या बाकावर शिवणताई ओठ दाबून ऐकत होती. आरोपी तिचा धाकटा भाऊ. ताईच्या दुकानातली लोखंडी इस्त्री उचलून तो समोरच्या कारखान्याच्या फाटकावर गेला, रखवालदाराच्या डोक्यात घातली, त्याच्या कोटाची बटणं ओरबाडली आणि पळाला. रखवालदार तिसऱ्या दिवशी गेला. मारलं हे कुणीच नाकारत नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की धाकट्याला तुरुंग की इस्पितळ.

कायदा कागदावर मोठा दयाळू. वकीलबाईंनी ताईला समजावलं होतं, की नुसतं वेड असून भागत नाही. त्या घडीला आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे वेडामुळं त्याला कळत नव्हतं असं दाखवावं लागतं. आणि दाखवायचं कुणी? तर आरोपीनं. म्हणजे ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्यानंच डोक्याचा दाखला आणून द्यायचा. बाईंनी दवाखान्याचे जुने कागद मागितले.

कागद कुठले? ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं जाळले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणे. लग्न मोडायचं ते मोडलंच, कागदही गेले.

सरकारी वकील रंगात आला होता. "हा पळाला का? बटणं घराच्या कुंडीत पुरली का? पुरावा लपवायची अक्कल ज्याला आहे, तो वेडा कसला? हा वेड पांघरून पेडगावला निघालाय, साहेब."

गल्ली गालात हसली. ताई मात्र 'कुंडी' ऐकून ताठ बसली.

पुढच्या तारखेला तिनं मापाची वही आणली. लिहिल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा तिच्या उस्तादाचा धडा. त्यामुळं गिऱ्हाइकांसारखीच घरच्यांचीही पानं वहीत होती. धाकट्याच्या पानांवर छाती, बाही, आणि खाली चौदा वर्षांची टिपणं, तारीखवार. 'बटणं ऐकतात म्हणतो. सगळी तोडली. कुंडीतून सात काढून परत लावली.' 'पुन्हा कुंडीत पुरली. आता बटणं नकोत, नाड्या लावल्या.' शेवटचं टिपण घटनेच्या आदल्या दिवसाचं: 'समोरच्या कोटाची बटणं माझं नाव घेतात म्हणतो. जेवला नाही.'

तुरुंगात त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी वही पाहिली आणि मान हलवली. हेच तो त्यांनाही सांगत होता.

सरकारी वकिलानं दिशा बदलली. "म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग उपचार का केले नाहीत?"

ताईनं वळून गल्लीकडं पाहिलं. त्यांच्यातच रखवालदाराची बायकोही बसली होती.

"लाज वाटली, साहेब. या लोकांची. यांच्यापुढं त्याला शहाणा म्हणून मिरवला. वहिनी, तुमच्या माणसाचं रक्त माझ्या त्या लाजेलाही लागलंय."

रखवालदाराच्या बायकोनं तोंड फिरवलं. तिचं काही चुकलं नाही.

न्यायाधीशांनी धाकट्याला इस्पितळात धाडलं. संध्याकाळच्या आत गल्ली म्हणायला लागली, येडबंबू सुटला. यांच्या सोयीनं तो शहाणा, यांच्या सोयीनं वेडा. आणि सुटला कुठला? कुलूप तिथंही बाहेरूनच.

पहिल्या भेटीला ताई गेली तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून, गळ्याशी मूठ आवळून बसलेला. अंगात इस्पितळाचा सदरा, पुढं चार ठसठशीत बटणं. एवढा खटला झाला, एवढे निकालाचे कागद झाले, पण वाचले कुणी? ताईची कात्री दारावरच काढून घेतली होती. तिनं दातांनी दोरा तोडत चारही बटणं काढली आणि पिशवीत टाकली.

"अजून ऐकतात?"

"आता नाही, ताई."

घरी येऊन तिनं वही उघडली. 'चार काढली,' तिनं लिहिलं. 'छाती दोन बोटं उतरली. पुढच्या भेटीला नाडीचा सदरा.'