दहाव्याच्या कार्डावरचं चित्र

मावळात कोणी गेलं की दहाव्याचं कार्ड येतं. ते घरात ठेवत नाहीत. वाचलं की कोपरा फाडायचा आणि बाहेर टाकायचं. लोणावळ्यातला एक रद्दीवाला अशी कार्डं माझ्यासाठी बाजूला काढायचा. मी त्यांवर अमूर्त चित्रं करतो. रंगाचे जाड थर, मधून सुटलेली छापील अक्षरं. गेलेल्या माणसाचा फोटो मात्र पूर्ण झाकतो. उघडा राहिला तर तो बघत राहतो.

मागच्या वर्षी रद्दीवाला शिरगावजवळच्या एका बाईंना घेऊन तळेगावला माझ्या घरी आला. त्यांचा भाऊ वारला होता. लग्न केलेलं नव्हतं, चिक्कीच्या भट्टीवर कामाला होता. त्याचा एकच फोटो होता आणि कार्ड छापताना तो छापखान्यात हरवला. वर्षश्राद्धाला पुढे ठेवायला बाईंना तो चेहरा हवा होता.

"भावकीत समद्यांना इचारलं. कोन ठेवतंय? मीबी माज्या हातानं फाडलं."

"मावशी, ह्यांनी अर्ध्या तालुक्याची तोंडं झाकून ठेवलीत," रद्दीवाला म्हणाला. "असेल इथेच."

सुटलेल्या अक्षरांतल्या नावावरून कार्ड सापडलं. फोटोच्या जागी निळाकाळा थर होता. ओल्या कापसाने मी कडेला घासून पाहिलं. रंगाबरोबर कागदही निघाला. मी थांबलो.

"रंगवायच्या आदी बघितला असंल की तुमी. कसा दिसत व्हता ह्यात?"

वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं निधनवार्ता तपासल्या. नाव, वय, गाव. चेहरा नीट बघायची सवय कधी लागली नाही. मी म्हणालो, "टोपी होती."

"टोपी कदी घातली न्हाई त्यानं."

रद्दीवाला खिडकीबाहेर पाहू लागला. मी माफी मागितली. बाईंनी कार्ड उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं.

"डोळं कुटं आलं ह्यात?"

ठाऊक नाही, एवढंच सांगायला हवं होतं. मी थरावर एका जागी बोट ठेवलं.

वर्षश्राद्धाला मी गेलो. ते कार्ड चौकटीत बसवलेलं होतं, वर हार. माझं बोट टेकलं होतं त्याच्या किंचित वर गंध लावलेलं. माणसं एकेक करून पाया पडत होती. बाईंनी मला पुढे केलं.

"आज शांत दिसतोय न्हवं?"

मी हो म्हणालो आणि वाकलो.