सुमनचं सेशन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतोय — आणि गंमत बघ, सांगताना अजून छाती धडधडतेय. भीतीनं? छे! आनंदानं. तिथंच तर सगळं आलं.

मी जोयडा तालुक्यातल्या रामनगरला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. कॉलेज प्रवेशाचे अर्ज आमच्या जावा सर्व्हरवर यायचे. त्यात एक बग होता — मधूनच एखादा अर्ज दोनदा नोंदला जायचा. तशी किरकोळ चूक, एक प्रत खोडली की झालं. पण का होतंय ते सापडेना! तीन आठवडे मी नुसता पिसाळलो होतो. टेस्ट सर्व्हरवर तर बेटा तोंडच दाखवायचा नाही.

शेवटी मी चालू सर्व्हरलाच डीबगर जोडला. सक्त मनाई होती — तरी जोडला! डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामला मध्येच रोखून आत डोकावायची सोय. अट अशी घातली, की एकाच सेशनकडून — म्हणजे सर्व्हरशी जोडलेल्या एकाच माणसाकडून — अर्ज जोडीनं आला, तर नोंद व्हायच्या आधी तेवढं सेशन थांबावं. बाकी सगळ्यांचं चालू.

साडेचारला — एक सेशन अडकलं! अरे, मी खुर्चीतून उडालोच. एकेक ओळ पुढं सरकवत आत बघत होतो, आणि नाव दिसलं. सुमन, गाव बाजारकुणंग. माझ्या मावशीची सुमन! नर्सिंगचा अर्ज, मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत.

तेवढ्यात तिचाच फोन, स्टँडजवळच्या सायबरमधून. "दादा, चक्र नुसतं फिरतंय. रेंज न्हाई व्हय?"

एक बटण दाबलं असतं, तर तिचा अर्ज गेला असता — एकदा सोडून दोनदा! पण बग हातचा निसटला असता. मी काय म्हणालो असेन?

"व्हय, रेंजच न्हाई. बंद करू नको हां. थांब तू."

बंद करून तिनं पुन्हा भरलं असतं, तर माझं सेशन विस्कटलं असतं ना — म्हणून.

पाच वाजून सहा मिनिटांनी बगचं कारण सापडलं. मी खोलीत एकटाच नाचलो! मग सेशन सोडलं, आणि पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर चालली — मुदत संपली.

ऑफिसात तेव्हाच बोललो असतो, तर अर्ज घेतलाही असता. पण मग डीबगर कुणी जोडला? लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, वाचून बग सापडला म्हणालो, शाबासकी घेतली. मावशीला सांगितलं, आपल्या जोयड्यात रेंजचं असंच. इथं रेंजच्या नावावर काहीही खपतं.

पुढच्या वर्षी सुमनला घरच्यांनी पाठवलं नाही. आता ती गणेशगुडीला एका होमस्टेत चादरी बदलते.

परवा घरी आली होती. तिच्या मोबाइलवर चक्र फिरत होतं. बायको म्हणाली, बंद करून परत उघड की. सुमन हसली. "न्हाई वैनी, दादानं सांगितलंय. बंद करायचं न्हाई, थांबायचं."

मी मान डोलावली.