काकांची उजवी बाजू

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या काकांचं तोंड म्हणजे अखंड चालू. मागच्या बाकावर पोरं मागं तोंड करून बसायची आणि काका पुढून विचारायचे, "सांगा बघू, गाडी आता कुठं वळणार? डावीकडे की उजवीकडे?" पोरांना वळणं पाठ, हात उंचावून ती बोंबलायची. पण बसलेली उलटी, त्यामुळे उत्तरही हमखास उलटं. काका हसून आपल्या रस्त्यानं वळायचे. "नाकं मोजा रे!" म्हटलं की जो तो स्वतःला सोडून मोजायचा, आणि मग एक पोर हरवलं म्हणून गलका. काकांच्या गाडीत बसलं की पोरं हुशार होतात, असा बोलबालाच झाला होता.

त्यात चिमणी भारी चतुर. एकदा ती बाकावर गुडघे टेकून काकांकडे वळली, पुन्हा उलटी बसली, आपलेच हात बघत राहिली. म्हणाली, "मी फिरले की माझा उजवा हात पलीकडे जातो. काकांचा तिथंच राहतो." त्या दिवसापासून ती ठणकावून सांगायची, "काकांचं उजवं!" काकांना कोण कौतुक! घरी बायकोला हातवारे करून सगळं दाखवलं.

मग एका सकाळी रोजच्याच चौकात काकांना कळेना, कुठं वळायचं. दुकानं तीच, टपालपेटी तीच, आणि शाळा कुठं ते डोक्यातून साफ पुसलेलं. तोंडचं पाणीच पळालं. जिभेवर सवयीचा प्रश्न आला, "सांगा बघू..."

"काकांचं उजवं!" चिमणी म्हणाली.

गाडी वळली, शाळा दिसली. काकांना हायसं वाटलं, पण परतताना तो चौक त्यांनी दोनदा नीट बघून ठेवला.

पुढं हे वरचेवर व्हायला लागलं. अहो, पण बोलावं कुणाजवळ? बायकोला उद्या सांगू म्हणायचे. तो उद्या काही उजाडेना. पोरांना वाटायचं, खेळ चाललाय.

परवा फाटकात चिमणीची आई एकटीच उभी. "काका, तिला ताप आहे. आज तुमचा वाटाड्या नाही हं!" ती हसली. काकाही हसले. सांगून टाकावं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मागं पोरं खिदळत होती, उशीर होत होता, लाज वाटत होती. त्यांनी गाडी काढली.

चौक आला. "सांगा बघू!" काकांचा आवाज चिरकला.

"डावीकडे!" सगळी एका सुरात.

एवढी पोरं एकमतानं सांगतात म्हणजे बरोबरच असणार. पोरं उलटी बसलीत, हे एवढं रोजचं, तेही त्या क्षणी काकांना सुचलं नाही. ते डावीकडे वळले.

रस्ता एकेरी होता. समोरून खडीचा ट्रक. दोन्हीकडून ब्रेक किंचाळले, धूळ उडाली, आणि पुढच्या काचेत फक्त ट्रकचं तोंड उरलं. पोरं बाकाखाली घरंगळली. एकच रडारड. ट्रकवाला शिव्या देत उतरला आणि आत बघून पोरांना बाकाखालून उचलू लागला.

"काका, आम्ही चुकलो?" एका पोरीनं मुसमुसत विचारलं.

"नाही गं बाळा. तुम्ही बरोबरच सांगितलंत."

काकांनी किल्ली काढून ट्रकवाल्याच्या हातात ठेवली. "दादा, एवढ्यांना शाळेत पोचवा. शाळा कुठं आहे, मला माहीत नाही."